सतीर्थ्य

'विद्यार्थी' या शब्दाचा अर्थ आम्हांस पक्का ठाऊक आहे, अशी आमची समजूत होती. ३४ वर्षें हजेरीपटावरील नांवें पुकारण्यांत गेलीं. 'हजर' म्हणेल तो विद्यार्थी, इतकी ती व्याख्या सोपी होती. संस्कृतांत शिष्यास 'अन्तेवासी' म्हणतात, म्हणजे गुरूच्या निकट राहणारा. त्यामुळें २०२१ सालीं आमच्या सूनबाईनें नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठांत बी. ए. करितां नांव घातलें, तेव्हां आम्हीं तोंडानें आशीर्वाद दिला; मनांत मात्र म्हटलें, विद्यापीठ नाशकांत, शिष्या डहाणूंत आणि निम्मा वर्ग मोबाइलमध्यें! हिला अन्तेवासिनी कसें म्हणावें?

घरांत नऊ माणसें. रात्रीं दहा वाजेपर्यंत ती सून, वहिनी, काकू आणि आई असे. त्यानंतर तिचें पुस्तक उघडे. विद्यापीठाचें ओळखपत्र आलें तें तिनें देवघराच्या कोनाड्यांत ठेविलें. एकदां आलेल्या पाहुण्यांस आम्हीं सहज सांगितलें, "ही आमची सून, घरींच असते." चहाचे पेले ठेवतां ठेवतां ती हळूच म्हणाली, "मामंजी, मी शिकत आहें." तिचा स्वर उद्धट मुळींच नव्हता, पण तें वाक्य आमच्या जिव्हारीं लागलें.

वास्तविक आमच्या तालुक्यास ही गोष्ट नवी वाटावयास नको होती. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. वारल्यांचीं मुलें शाळेंत येत नाहींत, कारण तीं गुरें राखतात, असें दिसून आल्यावर ताराबाई व अनुताई वाघ यांनीं शाळाच कुरणांत नेली. गुरें चरत आहेत आणि मुलें शिकत आहेत, अशी ती कुरणशाळा. मूल भिंतींच्या आंत नसलें तरी तें विद्यार्थीच, हें या मातींत ठरून किती वर्षें झालीं! मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं निघालें. ज्यांची बारावी झालेली नाहीं त्यांच्याकरितां त्यानें पूर्वतयारीचा मार्ग ठेविला. आतां तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमान्वयें नेहमींच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यासही एका सत्रांतील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या सरकारी व्यवस्थेवरून घरबसल्या करतां येतात. कागदावर हें सारें ठीक आहे. तलासरीकडच्या पाड्यांवर फोनची रेघ मिळावयास माणूस टेकाडावर चढतो, तें मात्र नियम करणारांच्या गांवीं नसावें.

अशाच एका पाड्यावरील एक वारली बाई सूनबाईबरोबर शिकते. ती अंगणवाडींत मदतनीस आहे व पूर्वतयारीच्या मार्गानेंच आलेली आहे. घोलवडकडचा एक तरुणही आहे. दिवसा चिकूच्या पेट्या भरतो. रविवारीं अभ्यासकेंद्रांतील तास संपले कीं हीं तिघें आमच्या ओटीवर येतात, कारण तेथें फोन चालतो. व्याख्यान एकत्र ऐकावयाचें, मग स्वाध्याय लिहावयाचे. पहिल्या रविवारीं आंतून आमच्या कानांवर पडलें तें असें: एक वाचतो आहे, दुसरी सांगते आहे, तिसरी लिहिते आहे. आमच्यांतला मास्तर जागा झाला. बाहेर येऊन आम्हीं स्वतःच्या बुद्धीनें उत्तर लिहिण्याचें महत्त्व या विषयावर चांगलें पाऊण घटका प्रवचन दिलें.

तिघांनीं तें निमूटपणें ऐकून घेतलें. मग तलासरीची बाई म्हणाली, "गुरुजी, पुस्तकांतली मराठी मला पुन्हा मराठींत सांगावी लागते. ताई सांगतात, मग मी माझें लिहितें."

आम्ही आंत गेलों, पण त्या रात्रीं झोंप आली नाहीं. सुमारें ३० वर्षांपूर्वींचा एक तास आठवला. मागच्या बांकावर एक मुलगा शेजारच्या वारली मुलाच्या कानांत कुजबुजत होता. उत्तर पुरवतो म्हणून आम्हीं त्यास वर्गाबाहेर उभें केलें व दुसऱ्या दिवसापासून दोघांस दूर बसविलें. ज्याचें सांगणें बंद केलें तो टिकला. ज्याला तो सांगत होता तो महिन्याभरांत यावयाचा थांबला. 'नांव कमी' हा शेरा हजेरीपटावर आमच्याच अक्षरांत आहे. पुष्कळ वर्षांनीं तो टिकलेला मुलगा बाजारांत भेटला. तो उत्तर पुरवीत नव्हता. आमच्या मराठीचा अर्थ त्याला त्याच्या बोलींत सांगत होता. हें त्यानें हंसत हंसत सांगितलें, आणि आम्हीही तेव्हां हंसलों.

शिष्यास विद्येचा चौथा हिस्सा गुरूपासून, चौथा स्वतःच्या बुद्धीनें, चौथा सहाध्यायांपासून व चौथा कालक्रमानें मिळतो, असा हिशेब आमच्या पूर्वजांनीं घालून दिला आहे. तो आम्हीं दर वर्षीं फळ्यावर लिहीत असूं. एकाच गुरूपाशीं राहून शिकणाऱ्यांकरितां 'सतीर्थ्य' असा स्वतंत्र शब्द आहे, पाणिनीनें त्याची सिद्धि सांगितली आहे, हेंही मोठ्या हौसेनें सांगत असूं. आणि सतीर्थ्य बोलूं लागले कीं छडी उचलीत असूं!

या मिश्र शिक्षणांत सारेंच सोनें आहे असें नाहीं. फोनवर तयार उत्तरेंही फिरतात, आणि व्याख्यान लावून घोरणारेही असतात. पण एका रविवारीं वेठबिगारीचा विषय निघाला. १९४५ च्या मे महिन्यांत झरी येथें वारल्यांची सभा भरली आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला, हें आम्हांस गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळें ठाऊक होतें. लग्नगडी म्हणजे लग्नासाठीं कर्ज काढून बायकोसह सावकाराकडे राबणारा गडी, हा अर्थही ठाऊक होता. त्या बाईनें आजीकडून ऐकलेलें सांगितलें. तिचा आजोबा लग्नगडी होता. आजी झरीहून परतली त्याच्या दुसऱ्या दिवशीं ती मालकाच्या अंगणांत गेली नाहीं; दिवसभर आपल्याच झोंपडीच्या दारांत बसून राहिली, कारण मोकळ्या दिवसाचें काय करावयाचें तें तिला सुचेना. चिकूवाला तरुण लिहावयाचा थांबला. आमच्यासारख्या पांढरपेशांच्या ओटीवर अशी हकीकत पूर्वीं कोणी सांगितली नसावी. त्या दिवशीं चहा सासूबाईंनीं केला, व 'मुलांचा अभ्यास चालला आहे' म्हणून धाकट्या नातवास त्यांनींच दटावलें.

गेल्या रविवारीं आम्हीही एक कोरी वही घेऊन ओटीवर बसलों. वारली बोलींतील शब्द ती बाई सांगे, आम्ही लिहूं. पहिल्याच पानावर तिनें आमच्या तीन चुका काढल्या. चौथी सूनबाईनें दाखविली.