काना

माझे आजोबा पैठणच्या तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज टंकीत. किती जणांचे फीमाफीचे अर्ज त्यांनी केले असतील! आमच्या घरातला मात्र एकही नाही. कॉलेजात गेलेला मीच पहिला.

उन्हाळ्यात पाचोडच्या घरी माळ्यावरून त्यांचे पेटीतले छोटे यंत्र काढले. काना कागदापर्यंत जाई आणि तिथेच बसे. काना नाही म्हणजे 'पाचोड' नाही, आणि 'शेत'ही नाही. कारण या यंत्रावर श, ण, ध, भ अर्धे उमटवून पुढे काना जोडावा लागतो.

मी शहाण्याने शिलाई मशीनचे तेल ओतले. दोन दिवसांत शेजारचे दांडेही अडकले! गोदरेजने २००९ साली टंकयंत्रे बनविणे थांबविले. आता दुरुस्तीवाला कुठे शोधावा? आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "दांडा बोटाने उचलून बघ. वाकला असेल तर कागदापाशीच अडेल, मळ असेल तर सगळीकडे जड जाईल."

जडच जात होता. अंगणात बसून जुन्या दातांच्या ब्रशाने, पेट्रोल लावून, दांड्यांच्या मुळाच्या खाचा घासल्या. काळा चिकटा निघाला. या खाचांत तेल घालायचेच नसते!

फीसवलतीचा अर्ज हल्ली संगणकावरच भरतात. तरी मी माझा त्या यंत्रावर टंकला. 'विद्यार्थी'तले दोन्ही काने उमटले. आजोबांनी थरथरत्या हाताने कागद चष्म्यापाशी धरला.

"समास कमी सोडलास," ते म्हणाले.