गांवच्या नाटकाचें परीक्षण

मोठ्या शहरांतल्या नाटकावर टीका लिहिणें मला फारसें कठीण वाटत नाहीं. नट कोठले, आपण कोठले! ते रागावले तरी दुसऱ्या दिवशीं भाजीबाजारांत त्यांची आपली गांठ पडत नाहीं. गांवांतल्या हौशी मंडळींच्या प्रयोगावर लिहूं लागलें म्हणजे खरी परीक्षा होते, आणि ती बहुधा परीक्षकाचीच! त्यांतून नाटक नवराबायकोच्या संसाराचें असलें तर विचारावयासच नको. नायक आपल्या ओळखीचा, नायिका शाळेंतली शिक्षिका, आणि दोघांचींहि खरीं बिऱ्हाडें पहिल्या रांगेंत बसलेलीं. मग लेखणी मऊ पडते. नायकानें 'भूमिका उत्तम वठविली', नायिकेनें 'धाडस केलें'!

या 'धाडसा'ची मला चीड आहे. १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर'नें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक रंगभूमीवर आणलें आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनींच केल्या. त्या काळीं तें धाडस होतें. आज तोच शब्द वापरणें म्हणजे बाईचा अभिनय न पाहतांच तिची पाठ थोपटणें होय.

आमच्या मंडळींनीं मध्यंतरीं 'एकच प्याला' केलें. १९१९ सालीं गंधर्व मंडळीनें तें केलें, तेव्हां सिंधू बालगंधर्व होते आणि सुधाकर गणपतराव बोडस. भरजरी शालूंची ख्याति असलेला तो नट सिंधूसाठीं ठिगळांचें लुगडें नेसला. दोन पुरुषांनीं उभा केलेला तो संसार प्रेक्षकांस खरा वाटला. तेव्हांपासून हौशी सिंधू रडण्यावरच सारा भर देत आल्या आहेत. आमची सिंधू मात्र रडली नाहीं. दळतां दळतां दारांत नवऱ्याची चाहूल लागली. तिनें जात्याचा खुंटा सोडला नाहीं, पण जातें थांबलें. मग तिनें आधीं मुलाकडे पाहिलें. माझ्या मागच्या रांगेंतल्या बायकांची कुजबूज तेथें एकदम बंद झाली.

सुधाकराचा आवाज खणखणीत होता; परंतु त्यानें प्रत्येक वाक्य प्रेक्षकांस ऐकविलें, बायकोकडे म्हणून पाहिलें नाहीं. मीं दोन्ही गोष्टी होत्या तशा लिहिल्या. सुधाकर हल्लीं मला पाहून रस्ता ओलांडतो. सिंधू मात्र वाचनालयाच्या पायरीवर भेटली. "सासूबाई म्हणतात, तुला भाषण आठवेना म्हणून जातें थांबलें. पुढच्या प्रयोगांत किती वेळ थांबूं, म्हणजे तसें वाटणार नाहीं?"