सकाळी उतार, संध्याकाळी चढ

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. सकाळची हवा थंड, सायकलीला अगदी मानवणारी. शहर मात्र सपाट नाही. मोटारीत बसणाऱ्याला हे जाणवतही नाही; कोरमंगलाहून बेळ्ळंदूरच्या कचेरीकडे निघालेल्या सायकलस्वाराला ते पहिल्याच दिवशी कळते. जाताना चाके आपसूक पळतात. संध्याकाळी, दिवसभर संगणकासमोर बसून पाय आखडलेले असताना, तोच रस्ता दम काढतो.

याचे कारण बेळ्ळंदूरचा तलाव. शहरातील हा सर्वांत मोठा तलाव सखल भागात आहे आणि वरच्या वस्त्यांचे पाणी, सांडपाणीसुद्धा, इकडेच उतरते. २०१५ साली त्यावरचा पांढरा फेस वाऱ्याने उडून रस्त्यावर येत होता. त्या फेसाने चक्क पेटही घेतला! सप्टेंबर २०२२ च्या पावसात इथला आउटर रिंग रोड पाण्याखाली गेला, तेव्हा संगणक कंपन्यांतली माणसे ट्रॅक्टरवर बसून कामाला गेली.

याच रस्त्यावर २०२० साली खांब रोवून सायकलींसाठी वेगळी पट्टी आखली होती. पुणेकरांना पुढचे सांगायला नको. स्कूटरवाले तिच्यात शिरले, खांब मोडले, मग मेट्रोचे काम आले. तरी हौशी मंडळी गर्दी होण्याआधी, सकाळी सातच्या आत, निघतात. पाठीवरच्या पिशवीत इस्त्रीचा सदरा, डबा आणि टॉवेल. टॉवेल महत्त्वाचा, कचेरीत अंघोळीची सोय असेल तरच हा खटाटोप जमतो.