राहिलेली कुस्ती

आमच्या जबलपूरच्या घरात कुस्तीला दोन भाषा होत्या. उंबऱ्याबाहेर दंगल, अखाडा, पहलवान. आत कुस्ती, तालीम, पैलवान. आजोबा मूळचे कोल्हापूरचे. गन कॅरेज फॅक्टरीतल्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. तरी नागपंचमीची दंगल बघताना खासबागेची आठवण काढल्याशिवाय त्यांना राहवत नसे. बाहेरचा एक शब्द मात्र त्यांनी कौतुकाने घरात आणला होता : नूरा कुस्ती. दोघांनी आधीच संगनमत करून लढलेली, खोटी. तिच्या विरुद्ध टोकाला त्यांची निकाली कुस्ती.

१९९६ साली मी केबलवरच्या ब्रेट हार्ट आणि शॉन मायकल्सपायी वेडा झालो होतो. त्या वर्षीच्या रेसलमेनियात दोघे अख्खा तास झुंजले, तरी कुणी कुणाला चीत करेना. शेवटी जादा वेळेत मायकल्स जिंकला. मी उड्या मारत हे सांगितलं. आजोबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "नूरा आहे रे ती." आणि मग गामाची गोष्ट सुरू झाली.

१० सप्टेंबर १९१०, लंडन. गामासमोर पोलंडचा झिबिस्को. तो पालथा पडून राहिला आणि अडीच तास उलटून गेले तरी गामाला काही त्याला उताणं करता आलं नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. १७ तारखेला पुन्हा ठरली, तर झिबिस्को आलाच नाही. जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. पण जानेवारी १९२८मध्ये तोच झिबिस्को पतियाळात गामाच्या मातीत उतरला. दोघेही तेव्हा पन्नाशीच्या घरात. मिनिटभराच्या आत गामाने त्याला अस्मान दाखवलं.

"हरायला का होईना, पण आला," आजोबा दर वेळी म्हणत. "राहिलेली कुस्ती पुरी करायला आला."

आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेली मोठी कुस्ती मात्र वेगळी. २९ मे १९६८ रोजी मुंबईत दारा सिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा आजोबा इटारसीमार्गे रेल्वेने जाऊन तिथे हजर होते. तिकिटाचा तुकडा त्यांच्या पाकिटात असे. मी कॉलेजात असताना एका संध्याकाळी त्यांनी तो पुन्हा काढला. मी म्हणालो, "आजोबा, तीही नूराच. त्या धंद्यात निकाल आधी ठरलेला असतो. माझ्या मायकल्ससारखाच."

मला जिंकायचं होतं, बाकी काही नाही. त्यांनी तिकीट घडी करून परत पाकिटात ठेवलं. त्यानंतर ते त्या कुस्तीबद्दल कधी बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. दोन वर्षांनी ते गेले.

पुढे कधीतरी झिबिस्कोबद्दल वाचायला मिळालं. लंडननंतर तो अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत नाव कमावून होता, १९२१मध्ये जगज्जेताही झाला. एप्रिल १९२५मध्ये फिलाडेल्फियाला त्याची गाठ वेन मनशी पडली. मन हा मूळचा फुटबॉलपटू, पट्टा त्याच्याकडे होता आणि झिबिस्कोने त्याच्याकडून हरायचं असं ठरलेलं होतं. कुस्ती लागली आणि झिबिस्को खरोखरच लढला. मनला त्याने पुन्हा पुन्हा पाडलं आणि पट्टा घेतला. म्हणजे आजोबांच्या निकाली कुस्तीतला हा पैलवान नूराच्याच धंद्यातला. तीन वर्षांनी पतियाळाला आला तो हाच.

लू थेझनेही आपल्या आत्मचरित्रात दारा सिंगला अस्सल पैलवान म्हटलं आहे. निकाल ठरलेला असेलही. पण आजोबांनी पाहिलेली ताकद, पकड, दम यांत खोटं काही नव्हतं. मी त्या संध्याकाळी निकालापलीकडे पाहिलंच नाही. माझ्या मायकल्सचा तो तासही मी तेव्हा उगाच टाकून दिला.

हे सगळं आजोबांना सांगायला हवं होतं. त्यांना आवडलं असतं. कदाचित वाददेखील घातला असता आणि त्या निमित्ताने तिकीट पुन्हा बाहेर निघालं असतं. पाकीट आता माझ्याकडे आहे, तिकीट त्यात घडी करून ठेवलं होतं तसंच आहे. झिबिस्को अठरा वर्षांनी का होईना, आला. माझ्या हातात दोन वर्षं होती, आजोबा शेजारच्याच खोलीत होते, आणि मी गेलो नाही.