परड्यांतला कारखाना

विटा हें नांव ऐकतांच परक्या मनुष्याच्या डोळ्यांपुढें भाजलेल्या विटांची रास उभी राहते. प्रत्यक्षांत या गांवची ओळख निराळ्याच दोन व्यवसायांमुळें झाली आहे: एक सोन्याचांदीची गलाई, आणि दुसरा यंत्रमाग. खानापूर तालुक्याचें हें मुख्य ठिकाण. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हां हा मुलूख दक्षिण साताऱ्यांत गेला. पुढें १९६० सालीं त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. नांवें बदललीं, परंतु पाऊस पूर्वींसारखाच बेभरंवशाचा राहिला. शेतीवर सर्वांचें पोट भरेना, म्हणून येथील तरुण मूस आणि भट्टी यांची विद्या घेऊन देशभर पांगले. जुनें सोनें वितळवावयाचें, त्यांत बेतानें चांदी मिसळावयाची, आणि नत्राम्लांत ती चांदी विरघळवून शुद्ध सोनें मागें ठेवावयाचें, हें त्यांचें काम. घरीं पैसा आला, पण कर्तीं माणसें दूर गेलीं.

मागाची गोष्ट उलट आहे. तो मनुष्याला घरीं राखतो. इचलकरंजीस १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढें तें गांव या धंद्याचें मोठें केंद्र झालें. विट्यांतहि घरांच्या आडोशाला मागांच्या शेडी उभ्या राहिल्या. भांडवल थोडें असलें, तरी व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतां येतें. मात्र माग ठेवावयास जागा हवी. ती जागा म्हणजे बहुधा घरामागचें परडें.

अशीच एक चार मागांची शेड मीं पाहिली. बांधणाऱ्यानें खर्चाचा क्रम मोठ्या विचारानें लावला होता. प्रथम जमीन, मग छप्पर, आणि भिंतींचा दिखाऊपणा सर्वांत शेवटीं. मिनिटास सुमारें १५० वेळां धोटा इकडून तिकडे जातो, आणि प्रत्येक वेळीं फणीचा ठोका बसतो. त्या हादऱ्यानें कच्ची जमीन उखडते आणि माग जागचा हलतो. म्हणून काँक्रीट पक्कें केलें, आणि माग राहत्या घराच्या भिंतीपासून चांगले दूर बसविले. दगड पडक्या गोठ्याचा, दारें जुन्या वाड्याचीं, आणि पत्राहि वापरलेला. खिडक्या मात्र उत्तरेस ठेविल्या, म्हणजे ऊन थेट न येतां उजेड दिवसभर सारखा मिळतो.

पत्र्याचा एक दोष आहे. या कोरड्या मुलखांत उन्हाळ्यांत शेड तापली, कीं सुताचा ओलावा जातो आणि ताण्याचे धागे पटापट तुटूं लागतात. पूर्वींच्या धाब्याच्या घरांत मातीचा जाड थर असल्यामुळें गारवा टिकत असे; परंतु त्याचें ओझें पेलणारीं लांकडें आतां स्वस्त कोठें मिळतात? त्यावर उपाय म्हणून शेडीची उंची वाढविली, आणि दुपारीं जमिनीवर पाणी शिंपडण्याची रीत ठेविली. विजेच्या तारांत मात्र एका पैचीहि काटकसर केली नाहीं. हवेंत सुताची पिंज उडत असते. एक ठिणगी पडली, तर शेडीबरोबर घरहि जावयाचें.

परंतु खरा कठीण प्रश्न चुन्यामातीचा नव्हताच. परडें वडिलोपार्जित, म्हणजे दोघां भावांचें. थोरला परमुलखीं गलाई करतो. बांधकामाचा निम्मा पैसा त्यानें पाठविला. माग धाकट्यानें कर्ज काढून घेतले. उद्यां वांटणीची वेळ आली, तर शेड कोणाची? आपल्याकडे भावाभावांत लिहून घेणें परकेपणाचें मानतात, आणि याच संकोचानें कित्येक घरें फुटलीं आहेत. या घरांतल्या आजींनीं तो संकोच बाजूस सारून दोघांना समोरासमोर बसविलें आणि वहींत लिहविलें: जागा सामाईक, माग आणि त्यांचें कर्ज धाकट्याचें, थोरल्याचा पैसा उसना, आणि दरमहा ठराविक भाडें घरखर्चाच्या खात्यांत जमा.

मीं आजींना आवाजाचा त्रास होतो का, असें विचारलें. त्या म्हणाल्या, “सुरुवातीला झोंप लागत नव्हती, बाबा. आतां माग थांबला, कीं जाग येते.”

मागाचा धंदा बिनघोर नाहीं. सुताचे भाव चढतात, कापडाला उठाव नसतो, वीज जाते, आणि मग शेड आठवडेच्या आठवडे मुकी राहते. अशा महिन्यांतहि तें भाडें वहींत येणें म्हणून लिहिलें जातें, आणि कर्जाचा आंकडा घरांतील सर्वांच्या डोळ्यांपुढें राहतो. एकत्र कुटुंबांत उद्योग काढूं इच्छिणाऱ्यांनीं शेडीच्या नकाशाबरोबर ही वहीहि पाहून घ्यावी. नकाशा गवंडी देईल. वही मात्र घरांतल्या वडीलधाऱ्यांनींच घालून दिली पाहिजे.