पाणचक्कीपाशी अलिफ-बे

पन्नाशी उलटलेल्या माणसाने नव्याने पाटी-पेन्सिल हातात घेऊ नये, असे आमच्या घरच्यांचे स्पष्ट मत. तरी गेल्या पावसाळ्यात मी उर्दू शिकायला घेतलेच. निमित्त होते आजोबांच्या वहीचे.

आजोबा औरंगाबादेस निजामाच्या कचेरीत कारकून होते. त्या राज्याचा कारभार उर्दूत, वरचे शिक्षणही उर्दूत. त्यामुळे मराठवाड्यातल्या कितीतरी मराठी घरांतल्या पुरुषांचा हात बाळबोधापेक्षा उर्दूवर अधिक वळलेला असे. १९४७ साली रझाकारांच्या धास्तीने आजोबांनी आजीला आणि पाच वर्षांच्या माझ्या बाबांना पुण्याला धाडले आणि नोकरीसाठी स्वतः मागे राहिले. त्या दिवाळीला ते आले नाहीत. "दोन ओळींचं पत्रसुद्धा आलं नाही हो!" असे आजी शेवटपर्यंत म्हणत असे. आजोबा त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत.

ते गेल्यावर राहिली ती लाल पुठ्ठ्याची, उर्दूने भरलेली वही. कोणाकडून वाचून घ्यावी, तर आजी म्हणे, "परक्यापुढे घरचं उघडायचं नाही." आजीही गेली. बाबांनी ऐंशी ओलांडली. एके दिवशी ते सहज म्हणाले, "त्या वहीत काय आहे, ते एकदा कळायला हवं होतं." झाले! मी पुण्यातच अलिफ-बे गिरवू लागलो आणि दोन महिन्यांनी वही पिशवीत घालून आठ दिवसांसाठी मित्राच्या घरी औरंगाबादेस दाखल झालो.

सरकारदरबारी हे शहर २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे. नावे बदलणे या गावाला नवे नाही. १६१० मध्ये मलिक अंबरने वसवले ते खडकी. औरंगजेबाने १६५३ मध्ये त्याचे औरंगाबाद केले. सकाळी मित्राबरोबर भडकल दरवाजा पाहावा, दुपारी मकबऱ्याच्या सावलीत बसावे, संध्याकाळी शहागंजच्या घड्याळाखालून रमतगमत परतावे, असा क्रम पडला. घरी वहिनी वाट पाहतच असायच्या. "भावजी, आज किती अक्षरं झाली?" हा प्रश्न आधी आणि चहा मागून.

माझे गुरू म्हणजे मित्राचे शेजारी, निवृत्त उर्दू शिक्षक. आम्ही सारे त्यांना मास्तरसाहेब म्हणत असू. शिकवणी पाणचक्कीच्या आवारात. दूरच्या टेकड्यांतून जमिनीखालच्या खापरी नळांनी आणलेले पाणी तिथे हौदात कोसळते, आणि एकेकाळी त्याच पाण्याच्या जोरावर यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. त्या आवाजात माझे अडखळणे कोणाला ऐकू जात नसे, हा मोठाच फायदा!

ही लिपी मोठी लबाड. बे, पे, ते आणि से ही एकाच होडीची चार रूपे. एकीला खाली एक टिंब, दुसरीला खाली तीन, तिसरीला वर दोन, चौथीला वर तीन. टिंब वर दिले तर 'खुदा', तेच पोटात दिले तर 'जुदा'! मी उतावीळ झालो की मास्तरसाहेब म्हणत, "जल्दी नक्को करो, भाई." ते 'नक्को' ऐकून मी चमकलो. हा तर आपलाच 'नको'! मास्तरसाहेब हसले. दखनीने मराठीकडून 'नको' घेतला, शब्दावर जोर देणारा 'च'ही घेतला; आणि मराठीने फारसीकडून अर्ज, तारीख, हजर, बाकी घेतले. "आपला हिशोब जुना आहे," ते मराठीत म्हणाले. वली हा कवी याच भागातला. १७०० साली तो दिल्लीस गेला आणि फारसीत रमलेल्या तिथल्या कवींना या बोलीतल्या गझलेची गोडी लागली.

सहाव्या दिवशी मी वही काढली. मास्तरसाहेब भराभर वाचू लागले : घरभाडे, रॉकेल, ज्वारी, टपाल. पानेच्या पाने जमाखर्च! माझा चेहरा उतरला. शेवटच्या पानावर मात्र तेही थबकले. "दवाली... ये क्या लिख्या है?" त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि वही माझ्यापुढे सरकवली.

मी बोट ठेवून अक्षरे लावू लागलो. नून, अलिफ, हे, ये. उर्दूतल्या 'नहीं'मध्ये नूनपुढे अलिफ नसतो. मग हे काय? 'नाही'! अहो, लिपी उर्दू, पण भाषा मराठी! उर्दूला 'ळ' नाही, म्हणून 'दिवाळी'ची 'दवाली' झाली होती. घाईच्या वेळी हाताला जी लिपी सापडली, तिच्यात आजोबांनी पत्राचा कच्चा खर्डा केला होता. पाऊण तासाने एवढे लागले :

"दिवाळीला येता येत नाही. रस्त्याचा भरवसा नाही. बाळला टोपी शिवावी, फुलबाज्या घ्याव्या. पाडव्याची ओवाळणी माझ्या नावे बाकी मांडावी."

मास्तरसाहेबांनी हळूच वही मिटली. पाणी कोसळत होते. पत्र टाकलेच गेले नाही की त्या धामधुमीत गहाळ झाले, हे आता कधीच कळायचे नाही. पण लिहायला माणूस बसला होता, एवढे खरे.

रात्री बाबांना फोनवर वाचून दाखवले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "शेवटचं वाक्य पुन्हा वाच." मी वाचले.

यंदा पाडव्याला आजीच्या तसबिरीपुढे बाबा ओवाळणी ठेवणार आहेत. बाकी चुकती करायची आहे. आणि ते पत्र मी मोठ्याने वाचायचे आहे, उर्दू अक्षरांतून, बोट ठेवून.