पाठराखीण

मुलगी प्रथमच सासरी निघाली म्हणजे तिच्यासोबत पाठराखीण धाडावयाची, ही आपल्याकडील जुनी चाल. वाटेत मुलीला धीर द्यावा, नव्या घरी चार दिवस राहून तिला रुळू द्यावे आणि मुकाट्याने परतावे, एवढेच पाठराखिणीचे काम. इंदुरातील आमच्या लहानपणी ही चाल आम्ही घरोघर पाहिली. परंतु अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, आणि तीही एका विमानाच्या पाठवणीत, ती आम्हांस पुन्हा भेटेल असे कधी मनातही आले नव्हते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता कोलोरॅडो राज्यातील प्वेब्लो येथे भाच्याकडे गेलो होतो. भाचा अभियंता, विमान चालविण्याचा खाजगी परवाना त्याने नुकताच मिळविलेला. विचिटा येथे एक जुने चार आसनी विमान त्याने विकत घेतले होते व ते घरी आणावयाचे होते. ‘मामा, मागची जागा रिकामी आहे, येता का?’ असे त्याने विचारले. सौभाग्यवतींनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन येथे करीत नाही. पण आम्ही निघालो.

विचिटा ही अमेरिकेतील लहान विमानांची जन्मभूमी. क्लाइड सेसना, वॉल्टर बीच आणि लॉइड स्टीअरमन या तिघांनी १९२५ साली येथे एकत्र कंपनी काढली; पुढे तिघांच्या नावांचे निरनिराळे कारखाने झाले. भाच्याचे विमान म्हणजे सेसना १७२. हे विमान १९५६ साली बाजारात आले आणि आजवर त्याच्या चव्वेचाळीस हजारांहून अधिक प्रती झाल्या. नुकसानभरपाईच्या खटल्यांच्या ओझ्याने १९८६ साली त्याचे उत्पादन थांबले होते. १९९४ साली अमेरिकन काँग्रेसने जुन्या विमानांबाबत उत्पादकाच्या दायित्वाला अठरा वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा १९९६ साली ते पुन्हा सुरू झाले. तरीही भाच्यासारखे हौशी लोक घेतात ती बहुधा जुनीच विमाने. म्हणून खरेदीपूर्वी तिऱ्हाईत कारागिराकडून तपासणी करून घेतात, आणि विमानाच्या जन्मापासूनच्या दुरुस्त्यांच्या नोंदवह्या वाचतात. पत्रिका पाहिल्यावाचून येथेही लग्न ठरत नाही!

विमान पसंत पडले, पण ते घरी आणावयाचे कसे? भाच्याचा अनुभव जेमतेम शंभर तासांचा, विमान अनोळखी, वाट सुमारे साडेसहाशे किलोमीटरांची. विमा कंपनीची अटच होती, की पहिले दहा तास शिक्षक शेजारी बसला पाहिजे. म्हणून त्याने विचिटातील एक शिक्षिका दिवसाच्या मोबदल्यावर ठरविल्या. जेवण, मुक्काम व परतीचे तिकीट भाच्याकडे. वय साठीच्या पुढचे, अंगकाठी सडपातळ, बोलणे मोजके. आपल्या शाळांतून शिक्षिकेला ‘बाई’ म्हणतात. आम्हीही मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणू लागलो.

दोन दिवस बाईंनी भाच्याकडून विचिटाभोवती उड्डाणे व अवतरणे घोटून घेतली. निघण्याच्या सकाळी त्यांनी आम्हांस पहिलाच प्रश्न केला तो वजनाचा. पाहुण्याला वजन विचारणे आम्हांस चमत्कारिक वाटले. पण माणसे, सामान आणि इंधन यांचा हिशेब जुळल्याखेरीज हे विमान हलत नाही. आमच्या पिशवीतील लोणच्याची बरणीसुद्धा काट्यावर चढली.

भाचा डाव्या आसनावर, बाई उजव्या, मागे आम्ही. विमान वर चढले आणि खाली कॅन्ससची सपाटी पसरली. आमचा माळवाही सपाट, पण माळव्यातील शेताला वळण असते, बांधावर बाभळ असते. येथे १७८५ च्या कायद्याने जमीन एकेक मैलाच्या चौकोनांत आखून टाकलेली, आणि रस्ते त्या रेषांवरून पूर्व-पश्चिम, दक्षिणोत्तर धावणारे. बाईंनी भाच्याला यंत्रावरील नजर काढावयास लावली आणि खाली बोट दाखविले. होकायंत्र जमिनीवरच आखलेले होते.

जून महिना असल्याने गहू पिकून पिवळा झाला होता. प्रॅट गावाची लांब धावपट्टी दिसली तेव्हा बाईंनी सांगितले, की दुसऱ्या महायुद्धात येथे बी-२९ या बाँबफेकी विमानांचे वैमानिक शिकले. त्यांतील एक तुकडी १९४४ साली आपल्याकडे, आजच्या झारखंडातील चाकुलिया येथे येऊन राहिली होती. एवढ्या परक्या मुलखात आपल्या गावाचे नाव ऐकून आम्ही चकित झालो. पुढे ग्रीन्सबर्ग लागले. ४ मे २००७ च्या चक्रीवादळाने हे गाव जवळजवळ पुसून टाकले होते. एकशे नऊ फूट खोल अशी त्यांची हाताने खणलेली विहीर मात्र राहिली. या मुलखात आकाशाला भिऊन असावे, हे न बोलता कळले.

डॉज सिटीला इंधनासाठी उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. माथ्यावर ऊन लख्ख होते. बाईंनी पडद्यावर हवामानाचा नकाशा पाहिला, मग बाहेर जाऊन पश्चिमेकडे पाहिले. क्षितिजावर फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे पांढरे ढग उंच चढू लागले होते. ‘आज येथेच,’ त्या म्हणाल्या.

भाच्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कामावर जावयाचे होते; घरी पुरणाचा घाट घातलेला. तो म्हणाला, ‘ढग शंभर मैल दूर आहेत. जवळ आले तर वळू.’ बाई म्हणाल्या, ‘वळू म्हणणारे बरेचजण वळत नाहीत, कारण घर समोर असते.’ भाचा चिडून म्हणाला, ‘विमान माझे आहे, पैसेही मीच देतो आहे.’ बाईंचा आवाज तसूभरही चढला नाही. ‘म्हणूनच. तुमच्या मनात घर आहे. माझ्या मनात ते नसावे, याचेच तुम्ही मला पैसे देता.’

विमानघरात जागा नव्हती. दोन्ही पंख व शेपूट अशा तीन ठिकाणी दोर बांधून, गोठ्यातील गाय बांधावी तसे विमान बांधले आणि गावात मुक्कामास गेलो. मिसूरीकडून सांता फे येथे जाणारे व्यापारी तांडे येथूनच जात. १८७२ साली आगगाडी आली आणि टेक्सासची गुरे येथे येऊ लागली. रात्री वादळ आले. खिडकीच्या काचांवर पाऊस असा आपटत होता, की झोप लागेना.

भाचाही जागा होता. त्याने आपण होऊन आठवण काढली ती धाकट्या जॉन केनेडींची. १६ जुलै १९९९ च्या त्या रात्री सोबत येण्याची तयारी एका शिक्षकाने दाखविली होती; केनेडींनी एकट्यानेच जाणे पसंत केले. विमान समुद्रात कोसळले आणि तिघांचा अंत झाला. एवढे बोलून भाचा गप्प झाला.

आम्हांस मात्र आमचीच एक गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी एका पालकाच्या आग्रहाखातर त्यांच्या मुलाचा विज्ञान शाखेचा अर्ज आम्ही सही करून पुढे पाठविला होता. मुलाची ओढ भाषेकडे, हे आम्हांस ठाऊक होते. पालक प्रतिष्ठित होते. वाईटपणा नको वाटला. मुलगा दोनदा नापास झाला आणि त्याने शाळाच सोडली. त्या दिवशी ‘नाही’ म्हणणे हेच आमचे काम होते. पगार त्याचाच होता.

सकाळी आकाश धुऊन निघाले होते. बाई दूर उभ्या राहिल्या आणि तपासणी भाच्याला करू दिली. त्याने पंखाखालच्या तोटीतून इंधन काचनळीत काढले. निळ्या इंधनाच्या तळाशी पाण्याचे थेंब बसलेले! रात्रीचा पाऊस जुन्या झाकणांतून झिरपला होता. हे पाणी यंत्रात गेले, तर यंत्र हवेतच बंद पडते. नळी निखळ निळी दिसेपर्यंत तो पुन्हा पुन्हा इंधन काढीत राहिला. बाईंनी एक शब्दही उच्चारला नाही.

पुढे आर्कान्सा नदीच्या काठाकाठाने गेलो. चौकोनी शेतांत फिरत्या नळांनी भिजविलेली प्रचंड हिरवी वर्तुळे दिसत होती, जणू कोणी पृथ्वीवर थाळ्या मांडल्या आहेत. मग डोंगरांची निळी रेघ दिसली आणि दुपारपूर्वीच प्वेब्लोला उतरलो.

भाचेसुनेने विमानाला कुंकू लावून नारळ वाढविला. उरलेले दहा तास पुरे होईतो बाई दोन दिवस राहिल्या. निघताना सौभाग्यवतींनी त्यांची ओटी भरली. तांदूळ आणि नारळ ओंजळीत घेऊन बाई गोंधळल्या, तेव्हा भाच्याने त्यांना पाठराखिणीचा अर्थ समजावून दिला. ‘तुमच्याकडेही हा धंदा आहे तर!’ म्हणून त्या प्रथमच मोकळ्या हसल्या.

आम्ही इंदुरास परतलो. शाळा सुरू झाली, प्रवेशाची गर्दी झाली. मध्यंतरी एका रविवारी भाच्याचा दूरध्वनी आला. मित्रमंडळींसह डेन्व्हरला जावयाचे ठरले होते म्हणे. आम्ही विचारले, ‘कसा झाला प्रवास?’

‘गेलोच नाही, मामा,’ तो म्हणाला. ‘पश्चिमेला ढग होते.’